अभ्यासक्रम म्हणजे नेमके काय?

परवा एका विद्यार्थिनीने जाहिरातीचा कागद पुढे करून विचारले, "सर, 'मान्यताप्राप्त अभ्यासक्रम' म्हणजे पदवी खरी ना?" उत्तर देताना मी अडखळलो. दोष तिचा नव्हता, आपल्या परिभाषेचा होता.

संपूर्ण पदवी, तिच्यातील एक पेपर आणि त्या पेपरात शिकवावयाचा मजकूर, अशा तीन भिन्न गोष्टींसाठी इंग्रजीत प्रोग्रॅम, कोर्स आणि सिलॅबस हे वेगळे शब्द आहेत. मराठीत मात्र तिन्हींचे ओझे 'अभ्यासक्रम' हा एकच शब्द वाहतो. 'मान्यते'चीही तीच गत. अभ्यासमंडळ तपशील आखते, विद्यापरिषद त्यास संमती देते. महाविद्यालयास मिळते ती संलग्नता. पदवी देण्याचा अधिकार कोणास, हे तर 1956च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याचे 22वे कलम ठरविते. यांपैकी कशालाही आपण सरसकट मान्यता म्हणतो. आता तीन वर्षांच्या पदवीस किमान 120 श्रेयांक लागतात. पण श्रेयांक हे अध्ययनाचे माप होय, पदवीच्या वैधतेचा दाखला नव्हे.

अर्थशास्त्र सांगते की, मालाची पुरती माहिती विक्रेत्यालाच असते तेथे ग्राहक नागवला जातो. येथे ग्राहक म्हणजे कर्ज काढून शुल्क भरणारा पालक होय. म्हणून पदवीक्रम, विषय आणि पाठ्यक्रम हे शब्द वेगळे वापरावेत, आणि कोणी कशास संमती दिली हे प्रत्येक माहितीपत्रकात मराठीत छापावे. यास खर्च नाही. इच्छा मात्र हवी.