किनाऱ्यावरील पर्यटक निवास : खोल्या किती, हे विहिरीला विचारा

कोकण किनारपट्टीवरील अनेक नारळ बागायतदारांच्या मनात एक विचार घोळत असतो. बाग समुद्रालगत आहे, सुट्टीत शहरातील मंडळी किनाऱ्यावर येतात, तर बागेतच चार-सहा खोल्या काढून त्यांची सोय का करू नये? महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केल्यामुळे या विचाराला बळ मिळाले आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे कासवांची पिल्ले पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांना ग्रामस्थ आपल्या राहत्या घरीच उतरवून घेतात, हेही अनेकांस ठाऊक आहे. जोडधंदा म्हणून ही कल्पना निश्चितच चांगली आहे. परंतु खोल्यांची संख्या ठरविताना बहुधा जागा व भांडवल यांचाच विचार होतो, पाण्याचा होत नाही. वाळूच्या जमिनीत ही चूक फार महाग पडते.

मुल्कीच्या किनाऱ्यावरील एक निवास

कर्नाटकातील मंगळूरच्या उत्तरेस मुल्की हे गाव आहे. जवळच सशिहित्लू येथे शांभवी व नंदिनी या नद्या एकत्र येऊन समुद्रास मिळतात. फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येण्याचा सर्फिंग हा खेळ या भागात चांगलाच रुजला आहे. २०१६ च्या मे महिन्यात इंडियन ओपन ही स्पर्धा सशिहित्लू येथेच भरली होती. या परिसरातील एका लहानशा निवासात मे महिन्यात दोन दिवस राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. नारळाची चाळीस झाडे, त्यांच्या सावलीत जांभ्या दगडाच्या, कौलारू अशा पाचच खोल्या, आणि बागेच्या जमिनीकडील बाजूस एक रुंद, उथळ विहीर असा एकूण पसारा आहे.

गर्दी पाहता आणखी पाच खोल्या सहज भरतील असे वाटले. मालकांस तसे विचारले असता ते म्हणाले, "दहा होत्या. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी मचूळ झाले, तेव्हा पाच बंद केल्या." वाढत्या पाहुण्यांसाठी त्यांनी विंधन विहीर घेतली होती. तिचे पाणी प्रथम खारावले, मागोमाग जुन्या विहिरीचे बिघडले. बागेतील मिरीच्या पानांचे शेंडे करपले. विंधन विहीर बंद केल्यावर पाणी पूर्ववत होण्यास दोन पावसाळे जावे लागले.

असे का झाले, हे प्रत्येक किनारी बागायतदाराने समजून घेतले पाहिजे.

वाळूखाली काय घडते?

पावसाचे पाणी वाळूत मुरते. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे जमिनीखालील खाऱ्या पाण्यावर थर करून तरंगते. या दोन पाण्यांच्या घनतेत सुमारे अडीच टक्के फरक आहे. त्यावरून घायबेन-हर्झबर्ग यांचा नियम निघतो : गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर त्याखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते.

हा नियम उलट बाजूनेही लागू पडतो. सततच्या उपशामुळे पातळी १० सेंटिमीटर खाली जाऊन तशीच राहिली, तर खालील खारे पाणी कालांतराने सुमारे ४ मीटर वर सरकते. शिवाय एकाच जागी जोराचा उपसा केला तर नेमक्या पंपाखालीच खारे पाणी शंकूसारखे वर चढते. म्हणून किनाऱ्यावर खोल विंधन विहिरीपेक्षा रुंद, उथळ विहीर सुरक्षित असते. पाणी कमी पडते म्हणून विहीर खोल करणे म्हणजे खाऱ्या पाण्यास आपण होऊन भेटावयास जाणे होय.

बिघाडास फार खारे पाणी लागत नाही. १०० लिटर गोड्या पाण्यात २ लिटर समुद्राचे पाणी मिसळले तरी त्याची विद्युतवाहकता सुमारे १ डेसिसायमन प्रतिमीटरने वाढते.

आणखी एक अडचण ध्यानात घ्यावी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा जवळ येतो तशा लाटा मोठ्या होतात, आणि शाळांची सुट्टीही त्याच सुमारास असते. म्हणजे पाहुण्यांची गर्दी आणि विहिरीची सर्वांत खालची पातळी एकाच महिन्यात येतात.

खोल्यांचा हिशोब

हा हिशोब पावसाळ्यात नव्हे, तर मे महिन्यातच करावा. समजा विहिरीचा व्यास ३ मीटर आहे. अशा विहिरीत १० सेंटिमीटर उंचीस सुमारे ७०० लिटर पाणी मावते. पातळी ३० सेंटिमीटर उतरेपर्यंत, म्हणजे सुमारे २,१०० लिटर, पाणी उपसावे व ती पूर्ववत होण्यास लागणारा वेळ मोजावा. समजा ६ तास लागले. म्हणजे २४ तासांत विहीर सुमारे ८,४०० लिटर देऊ शकेल. यांपैकी निम्मेच, म्हणजे ४,२०० लिटर, आपले समजावे.

त्यातून ४० नारळांस प्रत्येकी ४० लिटरप्रमाणे १,६०० लिटर व घरच्या पाच माणसांस सुमारे ७०० लिटर वजा जाता १,९०० लिटर उरतात. हॉटेलसाठी दर खाटेस दररोज १८० लिटर पाणी धरण्याची पद्धत आहे. त्याप्रमाणे दहा पाहुणे, म्हणजेच पाच खोल्या होतात. वरील निवासाचा आकडाही तोच आहे, पण त्यांनी तो नुकसान सोसून शोधला.

उपसा एकदम न करता सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा करावा. पंप कमी अश्वशक्तीचा असावा. मार्च ते मे या काळात दर आठवड्यास पाण्याची वाहकता पाहावी. यासाठी खिशात मावणारे मापक यंत्र मिळते, किंवा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. जिभेवर विसंबू नये, कारण चव बदलेपर्यंत उशीर झालेला असतो. वाहकता ०.७५ पर्यंत असल्यास पाणी सिंचनास चांगले समजावे. ०.७५ ते २.२५ पर्यंत जपून वापरावे. आकडा दर आठवड्यास चढत असेल तर तो कितीही लहान असला तरी नवीन पाहुणे घेणे थांबवावे.

सांडपाणी बागेस द्यावे, विहिरीस नव्हे

सदर निवासात बादलीने स्नान व कमी पाण्याच्या टाक्या असल्यामुळे दर पाहुण्यामागे १०० लिटरच्या आत भागते. त्यातील स्नानाचे व धुण्याचे पाणी वाया जात नाही. ते प्रथम तेलकट अंश अडविणाऱ्या लहान टाकीतून व नंतर खडी-वाळूच्या वाफ्यातून जाते. वाफ्यात कर्दळ लावली आहे. पाण्याची पातळी खडीच्या खालीच राखल्यामुळे डास होत नाहीत. गाळलेले पाणी नारळाच्या आळ्यात सोडले जाते. रोज ६०० लिटर पाणी असे मिळाले तर १५ माडांची गरज भागते. हे पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीपाल्यास मात्र देऊ नये.

समुद्रातून आलेल्या पाहुण्यांचे व फळ्यांचे पहिले धुणे वेगळ्या जागी करावे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे धुण्याचे पाणी मिरी, जायफळ, केळी यांच्या मुळांशी जाऊ देऊ नये. नारळ क्षार बऱ्यापैकी सहन करतो, तरी तेच पाणी रोज एकाच आळ्यात टाकू नये.

शौचालयाचे खड्डे विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावेत. वाळूत पाणी लवकर झिरपते, म्हणून शक्य तितके अधिक अंतर ठेवावे. भूजलाचा प्रवाह सामान्यतः समुद्राकडे असतो, त्यामुळे विहीर जमिनीकडे व खड्डे समुद्राकडे असावेत.

पावसाचे पाणीही साठवावे. ३,००० मिलिमीटर पाऊस असलेल्या ठिकाणी १०० चौरस मीटर छपरावर ३ लाख लिटर पाणी पडते. पहिल्या सरी वाहून जाऊ देऊन नंतरचे पाणी गाळून टाकीत घ्यावे. ऐन पावसाळ्यात वाळू भरलेलीच असते व जादा पाणी समुद्राकडे निघून जाते. म्हणून परतीच्या पावसाचे पाणी साठविण्यास व आळ्यांत मुरविण्यास विशेष महत्त्व द्यावे.

बाग हीच खरी शोभा

किनाऱ्याच्या बाजूची मर्यादवेल, केवडा, उंडी तोडून समुद्र "मोकळा" करण्याचा मोह टाळावा. ही झाडे वाळू धरून ठेवतात व खारे वारे अडवितात. कासवे अंडी घालतात अशा किनाऱ्यावर रात्री प्रखर दिवे लावू नयेत, त्यामुळे पिल्ले दिशा चुकतात. किनारा नियमनाखाली बांधकामावर व भूजल उपशावर निर्बंध आहेत, तेव्हा पाया खणण्यापूर्वी तालुक्याच्या कार्यालयात चौकशी करावी. नवीन बांधकामापेक्षा राहत्या घरातील खोल्यांपासून सुरुवात करणे अधिक सोयीचे ठरते.

भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने पुढे आणलेली लाखी बाग, म्हणजे नारळात मिरी, जायफळ, दालचिनी यांची लागवड, पाहुण्यांनाही पाहावीशी वाटते. जायफळ कसे उकलते, दालचिनीची साल कशी सोलतात हे दाखविण्यास जादा पाणी लागत नाही.

पाहुणे एखादे वर्ष कमी आले तर पुढील वर्षी येतील. खारावलेली विहीर मात्र तशी परत येत नाही, आणि तिच्यावर आपलीच नव्हे तर शेजाऱ्याचीही बाग उभी असते. म्हणून खोल्यांचा नकाशा काढण्यापूर्वी या मे महिन्यात विहिरीची पातळी मोजून वहीत लिहून ठेवावी.