खोडदच्या दुर्बिणीचा डेटा मोफत. पण तो एक्सेलमध्ये का उघडत नाही? कोणतं सॉफ्टवेअर लागतं? जाणून घ्या

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडदजवळ असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुला होतो. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्राच्या (एनसीआरए) ऑनलाइन अर्काइव्हमधून तो घेता येतो. एमएस्सी किंवा इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टसाठी ही मोठीच संधी. मात्र खरी अडचण डाउनलोड झाल्यावर येते: ही फाइल उघडायची कशात?

एक्सेल का चालत नाही?

साधा हिशेब करू. जीएमआरटीच्या ३० अँटेना आहेत. दोन-दोन अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. समजा, दर ८ सेकंदांनी प्रत्येक जोडीची एक नोंद झाली, तर आठ तासांत १५ लाख ६६ हजार ओळी तयार होतात. एक्सेलच्या एका शीटची मर्यादा आहे १० लाख ४८ हजार ५७६ ओळींची. शिवाय इथल्या एकेका रकान्यात एकच आकडा नसतो. शेकडो-हजारो फ्रिक्वेन्सी चॅनेलचे आकडे एकाच रकान्यात भरलेले असतात. त्यामुळे नेहमीचं स्प्रेडशीट इथे कामाचं नाही.

मग काय लागतं?

जीएमआरटीचा मूळ डेटा 'एलटीए' प्रकारात असतो. 'लिस्टस्कॅन' आणि 'जीव्हीफिट्स' हे एनसीआरएचे प्रोग्रॅम त्याचं रूपांतर 'फिट्स'मध्ये करतात. फिट्स हा खगोलशास्त्रात १९८१ पासून रूढ असलेला फॉरमॅट. पुढचं काम 'कासा' या मोफत सॉफ्टवेअरचं. ते फिट्समधून 'मेजरमेंट सेट' नावाचा टेबलांचा संच बनवतं. मुख्य टेबलात निरीक्षणं असतात, तर अँटेना, आकाशातील लक्ष्य, फ्रिक्वेन्सी यांची माहिती वेगवेगळ्या उपटेबलांत असते.

हे टेबल फक्त वाचायचं असेल, तर अख्खं कासा बसवण्याची गरज नाही. ज्या 'कासाकोर' लायब्ररीवर ते उभं आहे, ती 'पायथॉन-कासाकोर'मार्फत थेट वापरता येते.

लॅपटॉप कसा हवा?

• ऑपरेटिंग सिस्टिम : कासा लिनक्स आणि मॅकवर चालतं, विंडोजवर थेट नाही. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स घ्यावं.

• पायथॉन : कासाची प्रत्येक आवृत्ती पायथॉनच्या ठरावीक आवृत्त्यांवरच चालते. 'पिप'ने इन्स्टॉल करताना एरर आली, तर आधी हेच तपासा. कासाचं पूर्ण पॅकेज घेतलं, तर त्यासोबत त्याचं स्वतःचं पायथॉन येतं आणि ही कटकट टळते.

• डिस्क : फाइल जेवढी, तेवढीच जागा पुरत नाही. रूपांतरात दुसरी प्रत तयार होते. कॅलिब्रेशन करताना दुरुस्त डेटाचे नवे कॉलम जोडले जातात आणि आकार दुप्पट-तिप्पट होऊ शकतो.

हमखास होणारी गडबड

मेजरमेंट सेट ही एक फाइल नसून पूर्ण फोल्डर असतं. त्यातली एखादीच फाइल पेनड्राइव्हवर घेतली किंवा नको म्हणून डिलीट केली, की टेबल उघडत नाही. कुणाला पाठवायचं असेल तर अख्खं फोल्डर 'टार' करून पाठवा.

साधा लॅपटॉपच असेल तर?

कच्च्या डेटाचा हट्ट सोडा, तयार कॅटलॉगपासून सुरुवात करा. जीएमआरटीनेच १५० मेगाहर्ट्झवर 'टीजीएसएस' हे सर्वेक्षण केलं. त्याच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅटलॉगमध्ये सुमारे ६ लाख २३ हजार रेडिओ स्रोत आहेत. प्रत्येक स्रोताला एक ओळ. त्यात त्याचं आकाशातलं स्थान आणि तीव्रता दिलेली असते. हे टेबल 'टॉपकॅट'मध्ये उघडतं. टॉपकॅटला फक्त जावा लागतं, त्यामुळे ते विंडोजवरही चालतं. पायथॉन येत असेल, तर 'अ‍ॅस्ट्रोपाय' लायब्ररी पुरेशी आहे.

आणि हातात फक्त मोबाइल असेल तर? फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या केंद्राची 'व्हिझिएआर' ही सेवा ब्राउझरमध्येच चालते. आकाशातील एखाद्या वस्तूचं नाव टाकायचं आणि तिच्या आसपासच्या नोंदी पाहायच्या. सुरुवातीला एवढंही पुरे. लिनक्सच्या वाटेला जायचं की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.