विश्लेषण : जुन्या टीव्हीत आरजीबी जोडणी कशासाठी?

अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, इमारतीचा पुनर्विकास निघाला की माळ्यावरचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही बहुधा भंगारात जातो. जुने व्हिडीओ गेम खेळणारे मात्र नेमका असाच टीव्ही शोधतात आणि त्यात आरजीबी जोडणी करून घेतात. हा प्रकार काय आहे?

जुनाच टीव्ही का हवा?

1980-90च्या दशकांतील बहुतेक गेमचे चित्र सुमारे 240 रेषांचे असे. ट्यूब त्या रेषा येतील तशा लगेच रंगवते. सपाट टीव्ही चित्र ताणून मोठे करतो. त्यात ते धूसर होते आणि बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत वेळ जातो. त्या काळातील बंदुकीचे गेम तर सपाट पडद्यावर चालतच नाहीत.

अडचण कुठे येते?

पिवळ्या पिनच्या एकाच तारेतून रंग आणि प्रकाश एकत्र येतात. टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात, म्हणून कडांवर रंग पसरतो. आरजीबीत लाल, हिरवा आणि निळा रंग स्वतंत्र तारांतून येतो आणि अक्षरे ठसठशीत दिसतात. आणखी एक फायदा आहे. अमेरिका-जपानचे गेम एनटीएससी पद्धतीचे, तर आपले टीव्ही पाल पद्धतीचे. फक्त पाल ओळखणाऱ्या टीव्हीवर असा गेम कृष्णधवल दिसतो. आरजीबीत रंगाची ही अडचण उरत नाही. मात्र, सेकंदाला 50ऐवजी 60 वेळा येणारे चित्र टीव्हीने स्थिर धरायला हवे.

आपल्याकडे ही सोय का नव्हती?

युरोपातील टीव्हींना स्कार्ट नावाचे सॉकेट असे, त्यातून आरजीबी देता येई. भारतात रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी ओनिडाने अंधेरीत टीव्ही जोडायला सुरुवात केली. पण आपल्याकडच्या संचांना सहसा अँटेना आणि नंतर पिवळी पिन एवढेच मिळाले. डीव्हीडीच्या काळात काही टीव्हींना लाल-हिरवी-निळी सॉकेट आली. ती आरजीबी नव्हेत, कम्पोनंट पद्धतीची आहेत. अशा टीव्हीला प्लेस्टेशन 2 कम्पोनंट केबलने जोडता येतो, टीव्ही उघडावा लागत नाही.

मग जोडणी कशी होते?

आवाज वाढवताना पडद्यावर उमटणारी हिरवी पट्टी आठवा. अनेक संचांत ती पट्टी एक वेगळी चिप तयार करते आणि आरजीबीच्या स्वरूपातच मुख्य चिपला देते. म्हणजे वाट आधीपासून आहे. कारागीर त्याच वाटेवर गेमचे तीन रंग सोडतो. प्रत्येक रंगाला 75 ओहमचा रेझिस्टर लागतो, त्यामुळे सिग्नल साधारण 0.7 व्होल्टचा राहतो. चित्र जागेवर धरणारा सिंक सिग्नल पिवळ्या पिनमधून देता येतो.

सगळीकडे जमते का?

नाही. नंतरच्या अनेक टीव्हींत दोन्ही कामे एकाच चिपमध्ये गेली, तिथे ही वाट बाहेर येत नाही. आधी त्या मॉडेलचा सर्किट नकाशा पाहावा लागतो. शिवाय गेमनेही आरजीबी द्यायला हवे. सेगा मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो आणि प्लेस्टेशन ते देतात. मुंबईत घराघरांत असलेले मारिओ-कॉन्ट्राच्या कॅसेटचे स्वस्त संच मात्र पिवळ्या पिनचाच सिग्नल देतात. फक्त त्यांच्यासाठी टीव्ही उघडणे व्यर्थ आहे.

धोका किती?

जिवावर बेतेल इतका. रंगीत ट्यूबला 20 हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये भार राहू शकतो. वीजपुरवठ्याच्या भागातील कपॅसिटर 300 व्होल्टच्या पुढे असतो. काही जुन्या संचांची चॅसिस थेट मेनच्या विजेशी जोडलेली असते. तिला बाहेरून तार जोडली, तर हातातल्या कंट्रोलरपर्यंत करंट येऊ शकतो. त्यामुळे ज्या टीव्हीला कंपनीने पिवळी पिन दिलेली नाही, त्याच्या वाटेला जाऊ नये. इतर संचही ट्यूबचे काम जाणणाऱ्या मेकॅनिककडूनच उघडून घ्यावेत.

टीव्ही टाकायचाच असेल तर?

ट्यूबच्या काचेत शिसे असते. त्यामुळे तो फोडू न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रणकर्त्याकडे द्यावा. पण त्याआधी एकदा मागची सॉकेट पाहून घ्यावीत. गेम खेळणारे कुणी तोच टीव्ही शोधत असेल.