कासवाची अंडी आणि उष्णतेची मोजणी

कसालच्या तिठ्यावरून मालवणचा रस्ता धरला की तासाभरात समुद्र लागतो. तोंडवळी, तांबळडेग, वायंगणी अशा आपल्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवी रात्री वर येते, वाळूत हात-दीड हात खोल घागरीसारखा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि खड्डा बुजवून निघून जाते. कासवी नुसत्या दृष्टीने पिले वाढविते, असे आपण कीर्तनांतून ऐकत आलो. प्रत्यक्षात ती मागे वळूनही पाहत नाही. पिलांची खरी आई म्हणजे वाळूची ऊब होय.

ही ऊब दोन कामे करते. पहिले, ती गर्भ वाढविते. घरटे उबदार असेल तर पिले पंचेचाळीस-पन्नास दिवसांत बाहेर येतात. थंड असेल तर साठ दिवसही लागतात. उष्णता दीर्घकाळ 25 अंशांखाली राहिली किंवा 34-35 च्या वर गेली, तर गर्भ तगणे कठीण. दुसरे काम अधिक नवलाचे आहे. पिलू नर व्हावे की मादी, हेही ऊबच ठरविते. 29-30 अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात. त्याहून गरम घरट्यात माद्या वाढतात, थंड घरट्यात नर. सरपटणाऱ्या प्राण्यांत असे घडते, हे मादलेन शार्निये या फ्रेंच विदुषींनी 1966 साली आफ्रिकेतील एका सरड्याच्या अंड्यांवरून प्रथम दाखविले. कासवाच्या बाबतीत हा निवाडा उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात होतो. म्हणजे पन्नास दिवसांतले साधारण सतरावा ते चौतिसावा हे दिवस निर्णायक.

2002 साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' संस्थेने वेळासला अंडी राखण्याचे काम सुरू केले. ती रीत पुढे आपल्याकडेही आली. चोर, कुत्री, कोल्हे आणि भरती यांपासून वाचविण्यासाठी अंडी काही तासांच्या आत, उलटीपालटी न करता, कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. पण जागा बदलली की ऊबही बदलते. म्हणून मोजणी हवी.

एका किनाऱ्यावर मी तापमापक झोपडीच्या खांबाला टांगलेला पाहिला. तो हवेचा ताप सांगत होता. अंडी तर दीड हात खाली होती. दुपारी वरची वाळू पाय भाजते, पण ती धग खाली पोचेपर्यंत रात्र होते आणि बरीचशी विरून जाते. म्हणून लांब तारेच्या तापमापकाचे टोक अंडी पुरतानाच त्यांच्या मध्यभागी ठेवावे. नंतर उकरू नये. दुसरे टोक तेवढ्याच खोलीवर, घरट्यापासून दूर, मोकळ्या वाळूत पुरावे. वाढते गर्भ स्वतःही ऊब देतात. शेवटच्या पंधरवड्यात घरटे भोवतालच्या वाळूपेक्षा एक-दोन अंशांनी, कधी अधिकही, गरम होते. दोन आकड्यांतल्या फरकावरून कळते की दोष उन्हाचा की ती गर्भांचीच ऊब.

हत्याराचीही परीक्षा घ्यावी. बारीक ठेचलेल्या बर्फात थोडे पाणी घालून ढवळावे आणि टोक त्यात बुडवावे. शून्य दिसले पाहिजे. एक अंश चुकीचा दिसत असेल तर तो वजा-अधिक करून लिहावा. येथे एका अंशाने नरांचा किनारा माद्यांचा होतो. आकडा रोज ठरल्या वेळी, सकाळ-संध्याकाळ, लिहावा. तो चढतच राहिला तर झावळ्यांचा मांडव घालावा. पण अंदाजाने नव्हे. नुसत्या तर्काने केलेली सावलीही पिलांचे लिंग बदलू शकते.

आणि ही चूक डोळ्यांना दिसत नाही. पिलू नर की मादी हे बाहेरून ओळखता येत नाही. ते वयात येण्यास कित्येक वर्षे लागतात. शंभर पिले समुद्राकडे धावताना पाहून आपण टाळ्या वाजवितो, आणि ती सगळी माद्याच असू शकतात. किनारे तापत चालले असताना ही भीती पोकळ नाही. साक्षीदार एकच: वही.

त्याच किनाऱ्यावर मी ती वही मागितली. नोंदी अठराव्या दिवशी तुटल्या होत्या. राखणदाराला ठेकेदाराने मध्येच कमी केले होते. नव्या माणसाला आकडे लिहायला कुणी सांगितलेच नव्हते. नेमके निवाड्याचे दिवस कोरे! मी कामगार चळवळीतला माणूस. हजेरीपटावर न चढलेला दिवस मजुराला कसा बुडतो, हे मी आयुष्यभर पाहिले. येथे पिलांचे दिवस बुडाले, आणि मजुराचेही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. ज्या हाताने अंडी पुरली, त्याच हाताला शेवटचे पिलू निघेपर्यंत काम आणि पूर्ण मजुरी मिळावी. तापमापक बाजारात मिळतो. रोज पहाटे वाळूत बसून खरा आकडा लिहिणारा माणूस मात्र आपणच टिकवायचा असतो.