पोतंभर कालवं

दक्षिण लुइझियानात थंडी पडू लागली की मासळीच्या दुकानांतल्या शीतघरात पोती एकावर एक चढतात. पोत्यात कालवं असतात, शिंपल्यासकट आणि जिवंत. थँक्सगिव्हिंग आणि नाताळ जवळ आले की दारात पिकअप ट्रक येऊन थांबतात. गिऱ्हाईक भावाच्याही आधी विचारतं, "कुठली आहेत?" दुकानदार पोत्याच्या तोंडाशी बांधलेली चिठ्ठी उलटून दाखवतो.

मेक्सिकोच्या आखाताच्या या किनाऱ्यावर पोतं हे कालवांचं अधिकृत माप आहे. लुइझियानात एक पोतं म्हणजे दीड बुशेल. टेक्ससच्या कायद्यानं त्याचं वजन पोत्यासकट 110 पौंडांवर, म्हणजे सुमारे 50 किलोंवर बांधून घातलं आहे. आकारानुसार कमीजास्त धरलं तरी एका पोत्यात दोनशेच्या आसपास कालवं निघतात. पूर्वी ही पोती गोणपाटाचीच असत, आता प्लॅस्टिकच्या जाळीचीही असतात. रेस्टॉरंटात डझनानं कालवं मागवली की निवडण्याची जबाबदारी आणि उघडण्याचे कष्ट दुसऱ्याकडे असतात. पोतं घेणारा हे दोन्ही अंगावर घेतो, म्हणून त्याला चिठ्ठी वाचता यावी लागते.

या चिठ्ठीमागे एक साथ आहे. 1924 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन या शहरांत टायफॉइड पसरला आणि त्याचा माग सांडपाण्यानं दूषित झालेल्या कालवांपर्यंत पोचला. 1925 मध्ये अमेरिकेचं केंद्र सरकार, राज्यं आणि व्यापारी यांनी मिळून शिंपल्यांच्या आरोग्याची राष्ट्रीय व्यवस्था उभी केली. कालव पाणी गाळून जगतं. परिस्थिती अनुकूल असली तर एक पूर्ण वाढलेलं कालव दिवसाला 190 लिटरपर्यंत पाणी गाळतं. त्यातलं सूक्ष्म शेवाळ त्याच्या पोटात जातं, तसे जंतूही जातात, आणि खाणारा ते पोटासकट, अनेकदा कच्चंच खातो. म्हणजे कालवाची हमी द्यायची तर पाण्याची हमी द्यावी लागते. चिठ्ठीवर काढणाऱ्याची ओळख, पाण्याचं क्षेत्र, तारीख आणि व्यापाऱ्याचा परवाना क्रमांक असतो. पोतं रिकामं होईपर्यंत ती काढायची नाही आणि त्यानंतरही दुकानानं, हॉटेलानं 90 दिवस जपून ठेवायची, असा नियम आहे.

आधी तारीख बघू. ज्या महिन्याच्या इंग्रजी नावात 'आर' आहे त्याच महिन्यात कालवं खावीत, हा जुना संकेत. सप्टेंबर ते एप्रिल त्यात बसतात. उन्हाळ्यात कालवं प्रजननात सगळी शक्ती घालवतात आणि मांस पातळ, दुधाळ होतं. पाणी गार झालं की ती ग्लायकोजेन साठवू लागतात. हिवाळ्यातल्या कालवाचा भरलेपणा आणि गोडवा त्यातून येतो. टेक्ससमध्ये सार्वजनिक पाण्यातला हंगाम 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल असा असतो.

संकेतामागचं दुसरं कारण चवीपेक्षा गंभीर आहे. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू सांडपाण्यातून येत नाही, तो कोमट समुद्रात मुळातच असतो आणि उन्हाळ्यात वाढतो. धडधाकट माणसाला त्याचा सहसा मोठा त्रास होत नाही, पण यकृताचा आजार, मधुमेह किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्यांच्या तो जिवावर बेतू शकतो. त्यानं कालवाचा वास बदलत नाही की चव. लिंबू, तिखट सॉस, दारू यांनी तो मरत नाही, नीट शिजवल्यानं मरतो. 2003 पासून कॅलिफोर्नियानं एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये काढलेल्या, प्रक्रिया न केलेल्या कच्च्या आखाती कालवांना दार बंद केलं. 2009 मध्ये केंद्रीय अन्न व औषध प्रशासनानं तसाच नियम देशभर लावायचं ठरवलं, पण किनाऱ्यावरून एवढा विरोध झाला की काही आठवड्यांतच माघार घ्यावी लागली.

चिठ्ठीवरची दुसरी नोंद जागेची, आणि चवीचा सगळा खेळ तिच्यात आहे. प्राणी सगळीकडे तोच, क्रासोस्ट्रिया व्हर्जिनिका. कॅनडापासून आखातापर्यंत एकच जात. उत्तरेच्या थंड पाण्यात त्याला खाण्याजोगं व्हायला तीन-चार वर्षं लागतात, आखाताच्या उबेत दीड-दोन वर्षांत ते तीन इंचांचं, म्हणजे कायद्यानं काढण्याजोगं होतं. खाऱ्या-गोड्या पाण्याची मिसळण हे त्याचं घर. पाणी फार गोडं झालं आणि तसंच राहिलं, तर ते मरतं. फार खारं झालं तर त्याच्या कवचाला भोक पाडून आतलं खाणारी गोगलगाय येते आणि डर्मो नावाचा रोगही बळावतो. म्हणून लुइझियानातले जुने कालवकरी सार्वजनिक पाण्यातलं 'बी', म्हणजे लहान कालवं, उचलून भाड्यानं घेतलेल्या खाऱ्या जागेत नेऊन पसरतात. तिथे ती भरतात आणि त्यांना चव चढते. नदीच्या तोंडाजवळचं कालव सौम्य लागतं, समुद्राकडचं जिभेवर मीठ ठेवून जातं.

ही मिसळण किंवा तळ बिघडला की काय होतं, हे गेल्या काही वर्षांत वारंवार दिसलं. 2008 च्या आइक वादळानं टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन उपसागरातले निम्म्याहून अधिक कालवांचे थर गाळाखाली पुरले. 2010 मध्ये डीपवॉटर होरायझन या समुद्रातल्या तेलफलाटावर स्फोट झाला, तेव्हा किनाऱ्याकडे येणारं तेल मागे ढकलण्यासाठी मिसिसिपीचं गोडं पाणी सोडलं गेलं. त्या पाण्यानंही कालवं मोठ्या प्रमाणात मेली. 2019 मध्ये न्यू ऑर्लिन्सला पुरापासून वाचवण्यासाठी मिसिसिपी नदीवरचा बॉने कॅरेचा सांडवा एकाच वर्षात दोनदा उघडावा लागला, एकूण 123 दिवस. शहर वाचलं, पण त्या गोड्या पाण्यानं मिसिसिपी साउंडमधली कालवं गेली. फ्लोरिडातल्या अपालाचिकोलाचं दुखणं याच्या उलट. राज्यातली सुमारे 90 टक्के कालवं एकेकाळी तिथून येत. नदीचं पाणी आटलं, खारटपणा वाढला, 2012 मध्ये पीक कोसळलं. पाणी पळवल्याचा आरोप करत फ्लोरिडानं नदीच्या वरच्या अंगाच्या जॉर्जियाला सर्वोच्च न्यायालयात खेचलं आणि 2021 मध्ये ते राज्य दावा हरलं. त्याआधीच, डिसेंबर 2020 मध्ये, उपसागर पाच वर्षांसाठी बंद करण्यात आला होता.

तिसरी नोंद काढणाऱ्याची. लुइझियानाच्या प्लॅकमिन्स पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, ही नावं पुष्कळदा 'इच'वर संपतात. एकोणिसाव्या शतकात डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरून आलेल्या क्रोएशियन खलाशांनी मिसिसिपीच्या मुखाशी दलदलीत खांबांवर घरं बांधली आणि कालवांची शेती वसवली. 1874 मध्ये त्यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये आपली परस्पर साहाय्यक संस्थाही काढली. त्यांच्या बोटी लोखंडी दातांचा ड्रेज तळावरून ओढतात. अपालाचिकोलात मात्र लांब दांड्यांचे चिमटे हातानं चालवायचे, हीच रीत. अलीकडे अलाबामात आणि लुइझियानातल्या ग्रँड आयलच्या बाजूला तरंगत्या पिंजऱ्यांत कालवं वाढवतात. ती एकसारखी, देखणी असतात, प्रत्येक शेताचं वेगळं नाव लावून नगावर विकली जातात. पोत्यातली कालवं तळावर वाढलेली. त्यांत वाकडी, लांबुळकी, दोन-तीन एकमेकांना चिकटलेली, अशी सगळी येतात.

घरी आणल्यावर पोतं गोड्या पाण्यात बुडवायचं नाही की हवाबंद डब्यात कोंबायचं नाही, दोन्हींत कालवं मरतात. वरून बर्फ आणि खाली पाणी निथळायला वाट, एवढं पुरतं. खायच्या दिवशी अंगणात पाइपनं चिखल धुवायचा. तोंड वासलेलं कालव टकटक केल्यावर मिटलं नाही तर फेकून द्यायचं.

मग सुऱ्या बाहेर येतात. आखूड, जाड, बोथट धारेच्या. कालव फडक्यात धरायचं, खोलगट बाजू खाली. सुरीचं टोक बिजागरीत रुतवून ताकद लावण्याऐवजी पिळायचं. टक् आवाज झाला की सुरी वरच्या शिंपल्याला घासत सरकवून स्नायू कापायचा, मग खालूनही सोडवायचा. आतलं खारं पाणी सांडलं तर अर्धी मजा गेली. हातमोजा न घालणाऱ्याच्या तळव्यावर हंगामाच्या खुणा राहतात. टेबलावर खारी बिस्किटं, लिंबू, तिखट सॉस आणि प्रत्येकानं आपापल्या हातानं कालवलेली केचप-हॉर्सरॅडिशची चटणी. कोकणात ओहोटीला खडकावरची कालवं फोडून मांस वाट्यानं विकतात आणि ते घरी मसाल्यात शिजतं. कच्चं खायची कल्पना तिथे फारशी रुचणार नाही. आखातातही प्रत्येक जण कच्चं खातो असं नाही. लसूण, लोणी आणि चीज घालून शिंपल्यातच निखाऱ्यावर भाजायची पद्धत न्यू ऑर्लिन्सजवळच्या ड्रॅगोज या क्रोएशियन कुटुंबाच्या रेस्टॉरंटनं 1993 मध्ये आणली आणि ती किनाराभर अंगणाअंगणांत पोचली. बाकीची कालवं मक्याच्या पिठात घोळवून तळतात, आणि शिंपल्यातलं जपून ठेवलेलं पाणी गंबो या तिथल्या रश्शात जातं. दोनशे कालवं एका घराला संपत नाहीत, म्हणून पोतं घेतलं की शेजारीपाजारी बोलवावेच लागतात.

संध्याकाळी उरतो तो शिंपल्यांचा ढीग. पोत्याच्या वजनातला मोठा भाग हाच. कालवाचं पिल्लू काही दिवस पाण्यात तरंगतं आणि मग कठीण पृष्ठभागावर कायमचं चिकटतं. जुन्या कालवाचा शिंपला ही त्याची सर्वांत आवडती जागा. या किनाऱ्यावर मात्र कित्येक पिढ्या शिंपले रस्त्यांत आणि बांधकामात घालत आल्या. आता चुनखडीचे आणि काँक्रीटचे तुकडे विकत आणून तळावर पसरावे लागतात. टेक्ससनं 2017 मध्ये कायदा करून व्यापाऱ्यांना 30 टक्के शिंपले किंवा तेवढीच दुसरी सामग्री पाण्यात परत टाकायला लावली. न्यू ऑर्लिन्सच्या रेस्टॉरंटांतले शिंपले 2014 पासून गोळा होऊन किनाऱ्यावर थर बांधायला जातात. घरी आलेल्या पोत्यामागे असा गोळा करणारा सहसा कुणी नसतो. ते शिंपले कचऱ्यात टाकायचे, बागेत पसरायचे, की गाडीत घालून जमा करण्याच्या ठिकाणी पोचवायचे, हे पोतं आणणाऱ्यानंच ठरवायचं असतं. पुढची कालवं आजच्या शिंपल्यांवरच बसणार आहेत, त्यामुळे दुकानात पैसे मोजून त्याचं सगळं देणं फिटत नाही.