शक्यतेची लाट श्रोडिंगरची नव्हे

‘इलेक्ट्रॉनची लाट म्हणजे तो कुठे सापडेल याची शक्यता, असं श्रोडिंगरने सांगितलं.’ भाषणांत, व्हिडिओंत, परीक्षेच्या गाइडांत हे वाक्य इतक्यांदा भेटतं की आता चीड येते. श्रोडिंगरने हे सांगितलं तर नाहीच; दुसऱ्याने सांगितल्यावर शेवटपर्यंत मनापासून मानलंही नाही.

क्रम नीट पाहा. जानेवारी 1926 मध्ये झुरिकहून त्याने ‘आनालेन डेर फिजिक’कडे पहिला निबंध पाठवला. हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या त्यातल्या लाटेच्या समीकरणातून आपसूक निघत होत्या. पण ही लाट कशाची? विद्युतभाराची, असं त्याचं त्या वर्षीचं उत्तर. इलेक्ट्रॉनचा भार अणूभोवती खरोखरच पसरलेला असतो, असं तो धरून चालला होता. मे महिन्यात लोरेंट्झने पत्रातून अडचणी दाखवल्या: असा लाटांचा पुंजका एकसंध टिकत नाही, विरत जातो. शिवाय दोन इलेक्ट्रॉन घेतले की लाटेला सहा मिती लागतात. मग आपल्या तीन मितींच्या अवकाशात भार पसरलाय तरी कुठे?

शक्यतेचा अर्थ लावला तो गॉटिंगेनच्या माक्स बॉर्नने, जूनअखेर पाठवलेल्या टकरींवरच्या छोट्या निबंधात. तिथेही मूळ मजकुरात शक्यता थेट लाटेवरून ठरते. ती लाटेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, ही दुरुस्ती प्रूफ तपासताना घातलेल्या तळटीपेत आहे. विश्वास बसत नसेल तर ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’चा 37वा खंड उघडा. पाठ्यपुस्तकांतला इतका मोठा नियम आणि त्याचा जन्म तळटीपेत! श्रोडिंगरला नोबेल 1933 मध्ये मिळालं, बॉर्नला त्यासाठी 1954 उजाडावं लागलं.

श्रोडिंगरच्या 1935 च्या काल्पनिक प्रयोगातल्या त्या मांजराचंही तसंच. ते एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं असतं असा श्रोडिंगरचा दावा नव्हता. असा निष्कर्ष किती हास्यास्पद ठरतो, हे त्याला दाखवायचं होतं.

आणखी एक गैरसमज: अणूसाठी हायझेनबर्गने मांडलेलं मॅट्रिक्सचं गणित आणि श्रोडिंगरचं समीकरण हे दोन परस्परविरोधी सिद्धांत नव्हेत. दोन्ही एकच उत्तर देतात, हे श्रोडिंगरनेच 1926 मध्ये दाखवलं.

इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे दाखवणारे डेव्हिसनचे प्रयोगही, कणांनाही लाट असते असं मांडणाऱ्या द ब्रॉग्लीच्या लाटा शोधायला सुरू झाले नव्हते. 1925 मधल्या अपघातात निकेलवर ऑक्साइड चढलं, ते काढायला तापवताना मोठे स्फटिक तयार झाले आणि इलेक्ट्रॉन वेगळेच विखुरू लागले.

‘यात भारत कुठे?’ असं विचारणाऱ्यांसाठी: श्रोडिंगरला द ब्रॉग्लीच्या प्रबंधाकडे वळवलं ते आइन्स्टाइनच्या वायूंवरील निबंधातल्या उल्लेखाने, आणि तो निबंध उभा होता सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये ढाक्याहून पाठवलेल्या कामावर.