कार्बाइन, आवाजरोधकयुक्त : अंतर्व्यासाची निवड

पिस्तुलाचे काडतूस वापरणाऱ्या, आखूड नळीच्या व आवाजरोधक बसविलेल्या लघुशस्त्रासाठी कोणत्या मापाचे काडतूस निवडावे, हा शस्त्ररचनेतील एक मूलभूत प्रश्न होय. बंदुकीच्या नळीच्या आतील व्यासास अंतर्व्यास किंवा कॅलिबर म्हणतात. तो मिलिमीटरांत अथवा इंचाच्या दशांश भागांत सांगण्याची प्रथा आहे. शस्त्राची लांबी, वजन, मागे बसणारा धक्का, आवाज, भेदनक्षमता आणि काडतुसांचा पुरवठा या सर्व बाबी अंतर्व्यासाशी निगडित असतात. कोणतेही एक काडतूस अल्प आवाज, प्रभावी भेदन व सुलभ पुरवठा हे तिन्ही गुण एकाच वेळी देऊ शकत नाही. त्यामुळे शस्त्र कोणी, कोठे व कोणाविरुद्ध वापरावयाचे हे निश्चित झाल्याखेरीज अंतर्व्यासाची योग्य निवड होऊ शकत नाही. निवड चुकल्यास तिची किंमत शस्त्र बाळगणाऱ्या जवानाला आणि पुष्कळदा गोळीबाराच्या टप्प्यात सापडलेल्या निरपराध नागरिकाला मोजावी लागते.

मापनाची परिभाषा : केवळ अंतर्व्यास सांगितल्याने काडतुसाची ओळख पुरी होत नाही, त्याच्या पुंगळीची लांबीही सांगावी लागते. उदा., ९ × १९ मिमी. पॅराबेलम, ९ × १८ मिमी. माकारॉव्ह आणि ९ × ३९ मिमी. ही तिन्ही काडतुसे ‘९ मिमी.’ म्हणूनच ओळखली जातात. परंतु त्यांपैकी एकासाठी बनविलेल्या शस्त्रात दुसरे वापरता येत नाही. माकारॉव्ह काडतुसाच्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास तर सु. ९·२७ मिमी., म्हणजे पॅराबेलमच्या गोळीपेक्षा काहीसा अधिक असतो. म्हणून अंतर्व्यासाची निवड म्हणजे वास्तविक संपूर्ण काडतुसाची, अर्थात गोळी, दारू व पुंगळी यांच्या संयोगाची निवड होय.

आवाजाची कारणे : गोळीबाराचा आवाज मुख्यत्वे तीन कारणांनी होतो. दारूच्या ज्वलनाने निर्माण झालेले तप्त व उच्च दाबाचे वायू नळीच्या तोंडातून एकाएकी बाहेर पडतात, हे पहिले कारण. गोळीचा वेग ध्वनिवेगापेक्षा अधिक असल्यास तिच्याबरोबर आघात तरंग निर्माण होऊन चाबकाच्या फटकाऱ्यासारखा कडाका ऐकू येतो, हे दुसरे. तर शस्त्राच्या हलत्या भागांचा खडखडाट हे तिसरे कारण होय. अमेरिकन अभियंते हायरम पर्सी मॅक्सिम यांना १९०९ साली आवाजरोधकाचे एकस्व मिळाले. त्यांच्या व त्यानंतरच्या बहुतेक आवाजरोधकांत वायूंना कप्प्यांमध्ये अडवून, प्रसरण पावू देऊन व थंड करून हळूहळू बाहेर सोडले जाते. या योजनेने केवळ पहिल्या कारणाचा बंदोबस्त होतो. दुसऱ्या कारणावर आवाजरोधकाचा काहीही परिणाम होत नाही. त्याचा इलाज गोळीचा वेग कमी ठेवणे हाच आहे. आवाजरोधक बसविलेले शस्त्र पूर्णपणे निःशब्द होते, हा चित्रपटांनी रूढ केलेला समज चुकीचा आहे. सामान्य ९ मिमी. शस्त्राचा आवाज सु. १६० डेसिबेल असतो. चांगल्या आवाजरोधकाने तो २५ ते ३५ डेसिबेलने कमी होतो. उरलेला आवाजही बराच मोठा असतो, मात्र तो कोठून आला हे ओळखणे कठीण जाते.

ध्वनिवेगाची मर्यादा : हवेतील ध्वनिवेग तापमानानुसार बदलतो. २०° से. तापमानास तो दर सेकंदास सु. ३४३ मी. असतो. डहाणूच्या किनाऱ्यावर ३०° से. तापमानास तो ३४९ मी.पर्यंत वाढतो, तर लडाखमध्ये उणे २०° से. तापमानास ३१९ मी.पर्यंत उतरतो. दर सेकंदास ३३० मी. वेगाची गोळी कोकणात आघात तरंगाशिवाय जाईल. तीच गोळी त्याच वेगाने कडाक्याच्या थंडीत गेल्यास ध्वनिवेगाची मर्यादा ओलांडील. भारतासारख्या विविध हवामानाच्या देशात म्हणूनच अशा काडतुसाचा वेग मर्यादेच्या अगदी जवळ ठेवणे धोक्याचे ठरते. तो दर सेकंदास ३०० मी.च्या आसपास असणे इष्ट असते.

प्रमुख पर्याय : जॉन ब्राउनिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेल्या ·३२ इंची, म्हणजे ७·६५ मिमी. पिस्तूल काडतुसातील गोळीचे वजन सु. ४·६ ग्रॅ. असून तिचा वेग मुळातच ध्वनिवेगापेक्षा कमी असतो. त्यामुळे ते आवाजरोधकास अनुकूल असते. दुसऱ्या महायुद्धातील वेलरॉड हे ब्रिटिश निःशब्द पिस्तूल या मापात तयार करण्यात आले होते; चेकोस्लोव्हाकियाचे १९६१ सालचे स्कॉर्पियन हे लहान शस्त्रही याच मापाचे होते. मात्र या गोळीची ऊर्जा सु. २०० ते २३५ जूल इतकीच असल्याने लष्करी कामास ती अपुरी पडते.

गेओर्ग लूगर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध केलेले ९ × १९ मिमी. पॅराबेलम हे जगात सर्वाधिक प्रसार पावलेल्या पिस्तूल काडतुसांपैकी एक आहे. जर्मन नौदलाने ते १९०४ मध्ये व भूसेनेने १९०८ मध्ये स्वीकारले. त्याची सु. ८ ग्रॅ. वजनाची गोळी दर सेकंदास ३५० ते ४०० मी. वेगाने जाते, म्हणजे ती ध्वनिवेग ओलांडते. तथापि ९·५ ग्रॅ.ची जड गोळी वापरून वेग सु. ३०० मी.वर आणता येतो; तेव्हा तिची ऊर्जा सु. ४२५ जूल असते.

ब्राउनिंग यांचेच ·४५ इंची काडतूस अमेरिकेच्या सैन्याने १९११ मध्ये पिस्तुलासह स्वीकारले. त्याची गोळी १४·९ ग्रॅ. वजनाची असून तिचा वेग दर सेकंदास सु. २५५ मी. आहे. कोणताही खास बदल न करता ती ध्वनिवेगाच्या मर्यादेत राहते आणि तरीही तिची ऊर्जा सु. ४८० जूल असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अल्प संख्येने बनविलेली डी लायल कार्बाइन याच कारणास्तव ·४५ इंची मापाची ठेवण्यात आली. ती त्या काळातील अत्यंत शांत शस्त्रांपैकी एक मानली जाते. मोठ्या व्यासामुळे आवाजरोधकाचे छिद्र मोठे ठेवावे लागणे, काडतूस जड असणे व तेवढ्याच आकाराच्या मॅगझिनमध्ये कमी काडतुसे मावणे हे याचे तोटे होत.

सोव्हिएट रशियाने १९८० नंतरच्या दशकात विकसित केलेले ९ × ३९ मिमी. काडतूस हे खास आवाजरोधित शस्त्रांसाठीच आखलेले असून त्यात सु. १६ ग्रॅ.ची गोळी दर सेकंदास २९० मी.च्या आसपास वेगाने सुटते. याउलट ५·७ × २८ मिमी. व ४·६ × ३० मिमी. ही पश्चिम यूरोपीय काडतुसे चिलखत भेदण्याच्या हेतूने तयार करण्यात आली. त्यांच्या गोळ्या अत्यंत हलक्या व वेगवान असतात. त्यामुळे आवाजरोधक लावूनही त्यांचा आघात तरंग ऐकू येतो.

वेग घटविण्याचे दोन मार्ग : काडतूस ९ मिमी.चेच ठेवून आवाज घटवावयाचा झाल्यास दोन मार्ग उपलब्ध असतात. जड गोळीचे व कमी वेगाचे वेगळे काडतूस पुरविणे हा पहिला. नळीलाच छिद्रे ठेवून काही वायू आधीच आवाजरोधकात सोडणे आणि नेहमीच्या काडतुसाचा वेग कमी करणे हा दुसरा. ब्रिटिश स्टर्लिंग कार्बाइनच्या आवाजरोधित आवृत्तीत व जर्मन एमपी५एसडी या शस्त्रात दुसरा मार्ग अवलंबिला आहे. पुरवठ्याच्या दृष्टीने तो सोयीचा असतो. कारण जवानाजवळ दोन प्रकारची काडतुसे ठेवण्याची आवश्यकता राहत नाही. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वेग एक-पंचमांशाने घटला, तर ऊर्जा सु. ३६ टक्क्यांनी घटते. पहिल्या मार्गात गोळीचे वाढलेले वजन ही तूट काही अंशी भरून काढते. पण काडतुसांचा स्वतंत्र साठा ठेवावा लागतो आणि घाईत नेहमीचे काडतूस भरले गेल्यास आवाजरोधकाचा हेतूच विफल होतो.

नळीची लांबी : पिस्तुलाच्या काडतुसातील दारू जलद जळणारी असल्याने आखूड नळीतही तिचे ज्वलन बहुतांशी पूर्ण होते. रायफलीचे ५·५६ × ४५ मिमी. काडतूस लांब नळीसाठी आखलेले आहे. ते आखूड नळीतून झाडल्यास न जळालेली दारू तोंडाबाहेर पेटते, झगमगाट व धमाका वाढतो आणि गोळीचा वेगही घटतो. लहान व शांत शस्त्रासाठी पिस्तुलाचे काडतूस श्रेयस्कर मानले जाते, ते यामुळेच.

भारतातील अनुभव : भारतात या प्रश्नाचा विचार मुख्यतः पुणे परिसरात झाला. खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ पासूनचा आहे. शस्त्रांचे संशोधन व विकास करणारी संरक्षण संशोधन व विकास संघटनेची प्रयोगशाळा पुण्याजवळ पाषाण येथे आहे. स्टर्लिंग कार्बाइनचे उत्पादन १९६० नंतरच्या दशकात कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यात सुरू झाले आणि तिची आवाजरोधित आवृत्तीही तेथे तयार करण्यात आली. या शस्त्रांमुळे ९ × १९ मिमी. काडतूस भारतीय सैन्य व पोलीस यांच्या साठ्यात कायमचे रुजले.

पुढे अंगरक्षक चिलखतांचा प्रसार झाला, तसे या काडतुसाचे वैगुण्य जाणवू लागले. शिसे व पितळी कवच असलेली सामान्य ९ मिमी. गोळी सैनिकी चिलखत भेदू शकत नाही. यावर उपाय म्हणून पाषाणच्या प्रयोगशाळेने ५·५६ × ३० मिमी. मापाची संरक्षक कार्बाइन विकसित केली. सु. ३ किग्रॅ. वजनाच्या या शस्त्राच्या सैन्याने घेतलेल्या चाचण्यांचा अंतिम टप्पा ७ डिसेंबर २०२० रोजी यशस्वी झाला. शस्त्राचे उत्पादन कानपूरला व काडतुसाचे खडकीला, अशी योजना होती. या काडतुसात भेदनक्षमतेला प्राधान्य आहे. गोळी वेगवान असल्याने शांततेचा गुण त्यात दुय्यम ठरतो. शिवाय ते इतर कोणत्याही प्रचलित शस्त्रात चालत नसल्याने त्याचा पुरवठा स्वतंत्रपणे करावा लागतो.

लगेचच जानेवारी २०२१ मध्ये हीच प्रयोगशाळा व महू येथील पायदळ प्रशिक्षण संस्था यांनी मिळून चार महिन्यांत तयार केलेले ‘अस्मी’ हे यांत्रिक पिस्तूल जाहीर झाले. त्याचे माप पुन्हा ९ मिमी. ठेवण्यात आले, कारण सैन्याच्या साठ्यातील काडतुसे त्यात वापरता येतात. अंतर्व्यास निवडताना पुरवठ्याचा विचार किती निर्णायक ठरतो, याचे हे बोलके उदाहरण होय. भूसेनेच्या जवळच्या लढतीसाठीच्या नव्या कार्बाइनचे माप मात्र ५·५६ × ४५ मिमी. ठरले. पाषाणच्या आराखड्यावर आधारित अशा कार्बाइनसाठी २०२५ मध्ये पुण्याच्या भारत फोर्ज कंपनीची निविदा सर्वांत कमी किमतीची ठरली. यावरून लढाईसाठी रायफलीचे व दाट वस्तीतील किंवा गुप्त कारवाईसाठी पिस्तुलाचे काडतूस, अशी विभागणी होत असल्याचे दिसते.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर झालेल्या हल्ल्यात या विभागणीमागील प्रश्न स्पष्ट झाला. अतिरेक्यांजवळ ७·६२ × ३९ मिमी.ची एके प्रकारची शस्त्रे होती; राष्ट्रीय सुरक्षा गार्डच्या कमांडोंकडील शस्त्रांत ९ मिमी.च्या एमपी५चा समावेश होता. हॉटेलाच्या खोल्यांत व मार्गिकांत ओलीस अडकलेले असताना पातळ भिंत किंवा दार भेदून पलीकडे जाणारी गोळी घातक ठरू शकते. तेथे मंद व जड गोळी अधिक सुरक्षित असते. पण समोरचा सशस्त्र इसम चिलखत घालून असेल, तर तीच गोळी जवानाला तोकडी पडते. बंद खोलीतील गोळीबाराने कानास होणारी इजा व सहकाऱ्यांच्या सूचना ऐकू न येणे या अडचणीही असतात. त्या कमी करण्यासाठी आवाजरोधकाचा उपयोग होतो. म्हणजे त्याचे प्रयोजन केवळ गुप्ततेपुरते मर्यादित नाही.

कायदेशीर बाजू : भारतात ही निवड खाजगी व्यक्तीच्या अखत्यारीतील नाही. शस्त्र अधिनियम १९५९ अन्वये परवान्याशिवाय शस्त्र बनविणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. आवाज किंवा झगमगाट कमी करणारी उपकरणे शस्त्र नियम २०१६ नुसार निषिद्ध वर्गात मोडतात आणि ९ मिमी. मापाची पिस्तुले सामान्य नागरिकांना परवान्यावरही मिळत नाहीत. नागरिकांसाठी सरकारी कारखान्यांनी काढलेली रिव्हॉल्व्हरे व पिस्तुले, उदा., कानपूरचे २०१४ सालचे ‘निर्भीक’, ·३२ इंची मापाची आहेत ती यामुळेच. येथे अंतर्व्यास गोळीच्या गुणावरून नव्हे, तर लष्करी व नागरी काडतुसे परस्परांपासून वेगळी राहावीत या धोरणावरून ठरला आहे. सैन्यासाठी व पोलिसांसाठी ही निवड शासकीय संस्था दीर्घ चाचण्यांनंतर करतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले. तेव्हापासून खडकी व वरणगाव येथील कारखाने म्युनिशन्स इंडिया या पुण्यातील सरकारी कंपनीकडे, तर कानपूरचा लघुशस्त्र कारखाना ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे आहे. एखादे नवे माप स्वीकारल्यास शस्त्राबरोबरच या कारखान्यांतील साचे, यंत्रे व साठे यांतही बदल करावा लागतो. त्यामुळे शतकापूर्वीचे ९ मिमी. काडतूस आपल्या उणिवांसह अद्याप प्रचारात टिकून आहे.